पळून जायचा बेत

लातूर फाट्याच्या सिग्नलला राजकन्या एक पाय रस्त्यावर टेकवून सायकलवर थांबली होती. दवाखान्यातली एक्स-रेची सकाळपाळी संपवून ती खोलीकडे निघाली होती, डोक्यात फक्त रविवारचा विचार होता, आणि तेवढ्यात मांडवाच्या सामानानं भरलेला एक टेम्पो तिला अगदी खेटून उभा राहिला. वासे, लोखंडी नळ्या, सतरंज्यांच्या गुंडाळ्या, आणि सगळ्यात वर धड न बांधलेलं लाल-पिवळं कापड. सिग्नल सुटला, टेम्पोनं हिसका दिला, कापड घसरलं आणि तिच्या खांद्यावरून, मग गालावरून सरसरत निघून गेलं. एवढंच. टेम्पो पुढं गेला, वर बसलेल्या माणसानं कापड ओढून घेतलं. मागचे हॉर्न वाजायला लागले, एक रिक्षावाला ‘ओ मॅडम, झोपल्या का?’ म्हणून ओरडला, पण तिचा पाय काही रस्त्यावरून उचलेना. गालावर अजून तो स्पर्श होता, जाडाभरडा, उन्हानं तापलेला, आणि नाकात धुळीचा न् जुन्या तेलाचा वास. खाली शेकडो पंगती बसून उठून गेल्या की कापडात राहतो तसला.

खोलीवर येऊन तिनं दोनदा तोंड धुतलं. वास जाईना, कारण तो आता बाहेरचा राहिलाच नव्हता. चोवीस वर्षांची होती ती तेव्हा, म्हणजे तेरा वर्षं झाली. लोह्याजवळच्या त्यांच्या गावात, घरासमोरच्या मोकळ्या जागेत असलाच लाल-पिवळा मांडव पडला होता. उमरीकडून वऱ्हाड यायचं होतं. बारा पस्तीसचा मुहूर्त. बारा पस्तीस झाले, एक झाला, दीड झाला; वाजंत्री वाजवून वाजवून थकले आणि बीडी ओढायला मागं गेले. अडीचला फोन आला की ते येत नाहीत. का येत नाहीत ते कधी धड कळलंच नाही. दहा जणांनी दहा कारणं सांगितली आणि पुढं पुढं तर कारण कुणाला हवंही नव्हतं. तिला आठवत होतं ते नंतरचं. तिचे वडील, शेषेराव आबा, मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, ‘अन्न वाया जाऊ द्यायचं न्हाई. बसा समदे.’ आणि सातशे माणसं बसली. आबांनी स्वतः बुंदीची बादली हातात घेतली. आतल्या खोलीत राजकन्या मुंडावळ्या बांधून लोखंडी कपाटाला टेकून बसली होती, आणि खिडकीतून तिला आबांचा आवाज येत होता, एकसारखा, न थरथरता, ‘घ्या, घ्या पाव्हणं, लाजू नका.’ बायका दाराशी यायच्या, बघायच्या, जायच्या. तळहातावरची मेंदी खाजत होती. मुंडावळ्या सोडायच्या की नाहीत, हे विचारायचं कुणाला ते तिला कळेना. शेवटी दिवेलागणीला तिनं त्या आपल्याच हातानं सोडल्या आणि कपाटाच्या खाली सारल्या.

त्यानंतरचं सगळं बरंच झालं म्हणायला हवं. ती नांदेडला आली, एक्स-रेचा कोर्स केला, नोकरीला लागली. दवाखान्यात जायला एक सेकंडहँड लेडीज सायकल घेतली, ती गोदावरीच्या पुलापर्यंत, मग पुलापलीकडे, मग दर रविवारी थोडी आणखी लांब जायला लागली. चार वर्षांपूर्वी तिनं जाड टायरांची, पुढच्या चाकाला दणका झेलणारे शॉकअप असलेली खरीखुरी डोंगरातली सायकल घेतली आणि डांबरी रस्ता सोडला. डांबरावर माणूस कुठंतरी पोचायला जातो. माळावर नुसता जातो, हे तिला फार आवडलं. गावी ती सणावाराला जायची. घरात तिच्या लग्नाचा विषय निघत नसे. कुणी मुद्दाम टाळत होतं असं नाही. घरात एखादी खोली वापरात नसली की हळूहळू तिच्यापुढं पोती साठतात, तसं झालं होतं.

रेवणसिद्ध तिला अशाच एका रविवारी भेटला. लातूरचे सायकलवाले आणि नांदेडचे सायकलवाले निम्म्या वाटेवर अहमदपूरला एकमेकांना भेटले, तेव्हा लातूरकडचा एक माणूस तासभर उशिरा आला. वाटेत लंगडणारा बैल दिसला म्हणून थांबलो, त्याच्या खुरातला खिळा काढला, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांच्या चेष्टेकडे लक्ष न देता चार भजी खाल्ली. मूळचा देवणीचा, पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक, वय एक्केचाळीस. एकदा लग्न झालेलं होतं, घोड्यावरून, बँड लावून, दोन हजार माणसांत. ते अकरा महिने टिकलं. ‘माणसं लई होती,’ तो एकदा म्हणाला, ‘आम्ही दोघंच कमी पडलो.’ दोन वर्षं ते दर पंधरवड्याला अहमदपूरला भेटत राहिले आणि एकमेकांना अहो-जाहो करत राहिले. अहो-जाहोची त्यांना लाज वाटत नव्हती. त्यात एक प्रकारची ऐसपैस जागा होती, दोन्ही बाजूंनी अंग चोरावं लागत नसे.

पळून जायची कल्पना त्याचीच. पौषातली सकाळ होती, दोघांच्या हातात गरम चहाचे ग्लास होते. लग्न करायचं हे ठरून महिना झाला होता, पण कसं यापाशी राजकन्या दरवेळी विषय बदलायची. ‘पळून जाऊ,’ तो म्हणाला. ‘या वयात?’ ‘याच वयात. विसाव्या वर्षी नुसता दम असतो. आता दमबी हाय, अक्कलबी हाय.’ ती इतकी हसली की चहा सांडला. मग त्यांनी खरोखरच बेत आखायला घेतला. विवाह नोंदणी कचेरीत नोटीस दिली, तिचा महिना फेब्रुवारीत पुरा होणार होता. सह्या सोमवारी, साक्षीला सायकलवाल्यांतले तिघं. पण खरं लग्न आदल्या दिवशी, रविवारी, माळावर. लोह्याच्या पुढं बालाघाटाचे उघडे माळ सुरू होतात त्यातला एक त्यांनी निवडला. दिवस उगवायच्या आत निघून वर चढायचं, वर पिंपरणीचं एकुलतं एक झाड आहे त्याच्याखाली हार घालायचे, आणि मग शेळ्यांच्या वाटेनं, दगडधोंड्यांतून, सायकलींवर थेट ओढ्यापर्यंत उतरायचं. ती वहीत लिहून काढायची: पाणी, पंक्चरचं सामान, हार चुरगळू नयेत म्हणून डबा, साडी नको, अबोली रंगाचा कुडता. पाव्हणे नाहीत, मुहूर्त नाही. आणि एक तिनं लिहिलं नव्हतं पण मनात पक्कं होतं. या लग्नात कुणी कुणाची वाट बघायची नाही. दोघांनी एका जागेवरून एकदम निघायचं. ठरवण्यातच इतकं सुख होतं की कधीकधी तिला वाटायचं, बेत असाच चालू राहिला तरी चालेल. तो माळ आपल्या गावापासून दोन गावं सोडून आहे, हे तिच्या ध्यानात होतं. एवढे माळ पडले असताना हाच का, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

टेम्पोचं तिनं रेवणसिद्धला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? कापड लागलं गालाला. लग्नाच्या आठ दिवस आधीच्या रविवारी वाट बघून यायची, एकदा उतरून बघायचं, असं ठरलं होतं, तसे ते गेले. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, करडईची शेतं, पळसाला शेंदरी फुलं. वर पोचायला दीड तास लागला, अर्धा वेळ तर सायकली ढकलतच. पिंपरणीखाली ते पाणी प्यायले. ‘तुम्ही पुढं व्हा,’ तो म्हणाला, ‘मी मागोमाग येतो. दोघं एकदम गेलो तर धुळीत वाट दिसायची न्हाई.’ बरोबरच होतं ते. राजकन्या सीटवरून उठली, कोपर वाकवले, बूड मागं टाकलं आणि सायकल सोडली. पहिल्या वळणाला तिनं दोन्ही ब्रेक आवळले. मग बोटं सैल सोडली आणि अंगात काहीतरी हलकं, खळाळणारं आलं. दगड हँडलमधून मनगटात, मनगटातून दातांत वाजत होते. बाभळीची एक फांदी हेल्मेटवर सपकन बसली. पुढचं चाक मुरमात घसरलं आणि आपणच सावरलं. विचाराला जागाच नव्हती. डोळे वाट निवडत होते, अंग आपणहून झुकत होतं, आणि तिला वाटलं की आपल्या या सदतीस वर्षांच्या अंगाला आपण उगीच इतकी वर्षं कपाटाला टेकवून बसवलं होतं. ओढ्याच्या वाळूत सायकल आपसूक थांबली, तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसत होती.

मग ती वळून वर बघायला लागली. पाच मिनिटं. पंक्चर असेल. दहा मिनिटं. माळ उन्हात पांढरा पडला होता, वाट वर जाऊन एका धोंड्याआड नाहीशी होत होती, आणि त्या धोंड्याआडून काहीच येत नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. पंधरा मिनिटं झाली तसं तिच्या लक्षात आलं की आपण पाठ सरळ करून, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बसलो आहोत. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. तळहात खाजायला लागले. पडला असेल, हा विचार आधी यायला हवा होता. माणसाच्या काळजीनं जीव उडायला हवा होता. पण आधी आलं ते दुसरंच, आणि त्याची तिला लाज वाटली: येत नाही. तो येत नाही. कुठंतरी वर, धोंड्याच्या पलीकडे, त्यानं सायकल दुसऱ्या बाजूला वळवली आहे आणि आता कुणीतरी येऊन दहा कारणं सांगणार आहे. ओढ्याच्या पलीकडे एक टिटवी ओरडत होती. पंचवीस मिनिटं. तेव्हा, त्या दिवशी, वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरीनं उठून उमरीच्या रस्त्याला लागायचं नसतं. आत्ता मात्र सायकल होती, पाय होते, समोर वाट होती. राजकन्या उठली, मांडीवरची वाळू झटकली आणि सायकल खांद्यावर घेऊन चढायला लागली.

धोंडा ओलांडल्यावर तिला आधी त्याची सायकल दिसली, आडवी टाकलेली. तिनं आपली खांद्यावरची खाली टाकली. मग वाटेच्या खाली, करवंदीच्या जाळीमागून त्याचा आवाज आला, शांत, ‘दम, दम, माय माझी.’ ती धावलीच. रेवणसिद्ध गुडघ्यांवर बसला होता, बाह्या खांद्यापर्यंत वर, आणि त्याच्यासमोर एक काळी शेळी आडवी पडून कण्हत होती. शेळीचं डोकं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती.

‘आली व्हय तुमची मंडळी!’ म्हातारी म्हणाली. ‘कवाधरनं मान वळवू वळवू बघायलेत.’

‘पिलाचा एक पाय आत मुडपलाय,’ तो मान वर न करता म्हणाला. ‘आवाज ऐकला आन् थांबलो. हाका मारल्या तुम्हाला, ऐकू नाही गेल्या. सोडून कसं यावं? दोन्ही जीव गेले असते.’

‘तू काय करायचं ते सांग,’ राजकन्या म्हणाली. तू म्हणाली, हे तिच्याही आणि त्याच्याही ध्यानात बरंच नंतर आलं.

‘मागचे पाय धर. घट्ट. आणि पाणी दे.’

तिनं पाण्याची बाटली त्याच्या हातावर ओतली, त्यानं पिशवीतली साबणाची वडी कोपरापर्यंत फिरवली. तिनं शेळीचे पाय धरले. तिच्या पंजांखाली ते ऊन, केसाळ अंग ताणलं जायचं, सैल पडायचं, पुन्हा ताणलं जायचं. रेवणसिद्धनं डोळे मिटून घेतले होते. त्याची बोटं आत, अंधारात, एक नखाएवढा खूर शोधत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं लक्ष, इतकी नितळ माया होती की राजकन्याला क्षणभर दुसरीकडे बघावंसं वाटलं. ‘सापडला,’ तो म्हणाला. मग सगळं एकदम झालं. दोन पाय, त्यांवर ठेवलेलं तोंड, आणि एका कळेसरशी अख्खं ओलं पिलू गवतावर. ते हलेना. त्यानं तोंडात बोट घालून चिकटा काढला, गवताची पेंढी घेऊन छाती चोळली, पुन्हा चोळली. पिलू शिंकलं.

‘पाट हाय! पाट झाली, बोकड न्हाई!’ म्हातारी टाळी वाजवून हसली. तिचं नाव सरजाबाई. सतरा शेळ्या होत्या आणि घरी एक बहिरा नवरा. पिलू आईला चाटायला लावून तिनं दोघांकडे नीट बघितलं, त्यांची हेल्मेटं बघितली, जाड टायर बघितले. ‘काय करायलाव या माळावर, नवरा-बायको?’

‘नवरा-बायको नाही अजून,’ राजकन्या म्हणाली. ‘पुढच्या रविवारी. पळून जाणार आहोत.’

‘पळून?’ सरजाबाई गंभीर झाली. ‘कुणाच्या भ्यानं?’

राजकन्या एकेक नाव मनात मोजायला लागली. रेवणसिद्धची आई वारलेली, भाऊ आपापल्या संसारात. त्यांना कळलं तर ते खूशच होतील. दवाखान्यात कुणाला काही पडलेली नाही. आणि आबा, माय? त्यांनी कधी कशाला नाही म्हटलं होतं? ‘कुणाच्याच नाही,’ ती शेवटी म्हणाली.

‘मंग पळता कशाला बाई, चालत जावा की!’ म्हातारी म्हणाली, आणि शेळी चाटत राहिली, आणि रेवणसिद्ध असा काही हसला की मागं उताणाच पडला. राजकन्याही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं त्याला टेम्पोचं सांगितलं, खाली वाळूत बसून मनात काय आलं तेही सांगितलं, सरजाबाईच्या देखतच. तो उठून बसला. त्यानं समजूत घातली नाही. ‘पुढच्या वेळी तू मागं थांब, मी पुढं जातो,’ एवढंच म्हणाला, आणि बाह्या खाली ओढत, ‘किती लांब हाय तुझं गाव इथून?’

दुपारी दोनला ते दोघं, बाह्यांवर रक्त आणि केसांत गवत घेऊन, शेषेरावांच्या अंगणात शिरले. आबा उपटून आणलेल्या हरभऱ्याचा गुंता सोडवत होते. ‘हे कोण?’ त्यांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं.

‘रेवणसिद्ध. देवणीचे.’

‘देवणीचे व्हय,’ आबा म्हणाले, पाहुण्याचं रक्तानं भरलेलं मनगट निरखत. ‘जनावरातलं कळतंय म्हणायचं. आमची गाय चार दिस झालं चारा कमी खायलीय. बघा बरं जरा.’ आणि ते त्याला गोठ्याकडे घेऊनही गेले. कुठल्याही सोयरिकीची बोलणी इतक्या लवकर कामाला लागली नसतील.

स्वयंपाकघरात मनकर्णाबाई लेकीचे हात तांब्यानं धुवायला लागल्या. तिनं ते कधीपासून कुणाला धुऊ दिले नव्हते. राजकन्यानं सगळं सांगून टाकलं, एका दमात. नोटीस, माळ, पिंपरणी, हार. मांडव नको म्हणाली. वऱ्हाड नको म्हणाली. मायनं तांब्या पुन्हा भरून घेतला.

‘त्या दिशी सातशे पानं उठली,’ मग ती म्हणाली. ‘समद्यायनी इचारलं, भात पुरला का, बुंदी पुरली का. तुझा बाप वाढत होता, मी भांडी मोजत होते. तुला कुणी पाणीबी इचारलं न्हाई. मीबी न्हाई.’ तिनं पदरानं लेकीची बोटं एकेक करून पुसली. ‘तेरा वर्षं झालं, तुला म्हणावं म्हणायले. तू यायचीस, दोन दिस राहायचीस, जायचीस. म्हणायचं ऱ्हाऊनच जायचं.’

राजकन्यानं आपलं कपाळ मायच्या खांद्याला टेकवलं. तिथं पिठाचा वास होता, धुराचा होता, आणि दुसरा कुठलाच वास नव्हता.

‘कुठून पळायलीस?’ मायनं विचारलं.

‘नांदेडहून. खोलीवरून.’

‘खोलीवरून पळतंय व्हय कुणी?’ मनकर्णाबाई एकदम रागावली. ‘भाड्याची खोली, तिथून गेलीस काय न् न्हाई गेलीस काय! पळायचं तर आपल्या घरून पळावं. शनिवारी ये मुक्कामाला. आम्ही काय आडवं येत न्हाई, मागंबी येत न्हाई. पर पळ इथून.’

पुढचं सगळं बेताप्रमाणे झालं असं नाही. हारांचा डबा माळावर चढताना उघडला आणि निम्मा हार बाभळीला राहिला. सरजाबाई शेळ्यांसकट पिंपरणीखाली हजर होती आणि तिनं दोघांच्या डोक्यावर ज्वारीचे दाणे टाकले, ते शेळ्यांनी लगेच खाल्ले. उतारावर रेवणसिद्ध पुढं गेला आणि करवंदीत जाऊन पडला. सोमवारी कचेरीत सही करताना त्याच्या नाकावर पट्टी होती आणि तिथल्या कारकुनानं राजकन्याकडे जरा संशयानंच बघितलं. ते सगळं नंतरचं. राजकन्याला पुढं कितीही वेळा कुणी विचारलं की तुमचं लग्न कसं झालं, तर तिच्या डोळ्यांपुढं येते ती त्याच्या आधीची पहाट.

पाच वाजले होते. रेवणसिद्ध वेशीपाशी आला होता, त्याच्या दिव्याची उघडझाप भिंतीवरून दिसत होती. माय पांघरूण डोक्यावर घेऊन निजली होती, आणि इतकी गाढ निजली होती की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. राजकन्यानं सायकल पडवीतून उचलली, चाकांचा आवाज होऊ नये म्हणून उचलूनच अंगणात आणली. गोठ्यापुढं बल्ब लागलेला होता. आबा वैरण टाकायला उठले होते. रोजची वेळच होती ती त्यांची. तिला वाटलं, ते आत सरकतील. ते सरकले नाहीत. बल्बच्या उजेडात, गोठ्याच्या तोंडाशी, ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, काखेत कडब्याची पेंढी धरून, एखाद्यानं फोटोसाठी उभं राहावं तसे ताठ. पेंढी टाकून झाली तरी वळले नाहीत. ती त्यांच्या मागून हातभर अंतरावरून गेली. बंडीच्या पाठीवर एक ठिगळ होतं, मायच्या हातचं. त्यांची मान म्हातारी झाली होती, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. फाटकाची कडी काढली तशी ती करकरली, आणि तेव्हा आबा बोलले, वळून न बघता, गाईच्या पाठीवर थाप मारत.

‘सावकाश जा गं बाई. उतार लई हाय.’

गाय दाव्याला बांधलेली होती. तिला कुठंच जायचं नव्हतं.

‘हाव,’ राजकन्या म्हणाली, आणि तिनं सायकलवर टांग टाकली.